कोडं सुटलं, पण...

नोव्हेंबर १९६९ मध्ये 'झोडिअॅक' म्हणवून घेणाऱ्या खुन्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या 'क्रॉनिकल'ला ३४० चिन्हांचा सांकेतिक मजकूर धाडला. तो सुटला थेट डिसेंबर २०२० मध्ये! सोडवणारे तिघे, तीन देशांतले. ऑस्ट्रेलियातल्या सॅम ब्लेकने चिन्हं वाचायचे लाखो क्रम काढून दिले, बेल्जियमच्या यार्ल व्हॅन आयकेच्या प्रोग्रॅमने ते तपासले गेले आणि अमेरिकेतल्या डेव्हिड ओरँचॅकला त्या गिचमिडीत काही ओळखीचे शब्द दिसले.

मजकुरात खुन्याचं नाव नव्हतंच. नुसती बढाई. मग एवढा खटाटोप कशाला?

मला विचाराल तर, 'माझं कुणालाच कळत नाही' याच गुर्मीवर त्या माणसाचा दरारा उभा होता. तेवढा तरी उतरला. ज्यांची माणसं गेली त्यांना उत्तर मिळालं नाही, ही रुखरुख मात्र राहतेच. असो.