प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ म्हणजे नेमकं काय करायचं?

कोरोना ओसरला, पण ‘इम्युनिटी बूस्टर’ हा शब्द मागे ठेवून गेला. काढा, चूर्ण, सरबत, कलौंजीचं तेल, मधाची बाटली, सगळ्यांवर आता तोच शिक्का. आमच्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हिजामाच्या जाहिराती येतात, त्यांतही हाच शब्द असतो. कलौंजीवर किंवा मधावर माझा राग नाही, घरात दोन्ही आहेत. माझा आक्षेप त्यामागच्या समजुतीला आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू गच्चीवरची पाण्याची टाकी, जेवढी भरेल तेवढं बरं! शरीर असं चालत नाही.

हिपॅटायटिस बी घ्या. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो, पण सहसा तो स्वतः तिला मारत नाही. विषाणूला शोधत आलेल्या आपल्याच संरक्षक पेशी तिला मारतात. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक वेळा काही महिन्यांत प्रकरण मिटतं. त्या काळात होणारी कावीळ ही या झटापटीचीच खूण असते. पण हाच विषाणू जन्माच्या वेळी आईकडून बाळाला आला, तर अशा दहापैकी नऊ बाळांत तो मुक्काम ठोकतो. बाळाची प्रतिकारशक्ती त्याला हुसकावून लावू शकत नाही. पुढे वय वाढतं तशी ती अधूनमधून हल्ला करते, पण काम पुरं होत नाही. पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात, त्याही मरतात. प्रत्येक नव्या पेशीसाठी जनुकांची नक्कल करावी लागते आणि नकलेत चुका होतात. त्यात दाहातून निघणारी रसायनं त्याच जनुकांना इजा करतात. विषाणूचा स्वतःचा हातही यात असतो, पण मोठा भाग या न विझणाऱ्या दाहाचा. वीस-तीस-चाळीस वर्षांनी काहींना सिरोसिस होतो, काहींना यकृताचा कॅन्सर. तोवर माणूस धडधाकट फिरत असतो. अशा माणसाला काढा पाजून कुठली शक्ती वाढवणार?

टीबीचंही तेच. फुप्फुसात पडणारी पोकळी बरीचशी आपल्याच प्रतिकाराच्या माऱ्यातून पडते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती अगदी खचलेल्या रुग्णांत ही पोकळी उलट कमी दिसते. त्यांना औषधं सुरू केली आणि ताकद परत आली, की काहींचा टीबी थोडे दिवस जास्तच भडकतो. डॉक्टरांना हे माहीत असतं, नातेवाईक मात्र घाबरून औषध बंद करतात.

आणि कोरोना तर आपण पाहिला. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत जीव वाचवणारं ठरलं ते डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकार दाबणारं स्वस्त स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांना फायदा झाला नाही. तरी 2021 मध्ये आपल्याकडे ते घरोघरी वाटेल तसं दिलं गेलं. साखर वाढलेल्या रुग्णांत काळ्या बुरशीने जो धुमाकूळ घातला, त्यात या वापराचाही वाटा होता.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर दाह म्हणजे निव्वळ शत्रू असं वाटेल. आपल्या दंडावर ज्या बीसीजी लशीचा व्रण आहे, तीच लस मूत्राशयाच्या काही कॅन्सरमध्ये थेट मूत्राशयात सोडतात. तिथे मुद्दाम दाह उठवला जातो आणि त्यात कॅन्सरच्या पेशी मारल्या जातात. म्हणजे कुठे, केव्हा आणि किती, यावर सगळं अवलंबून आहे. हा हिशेब बाटलीला कळत नाही.

प्रतिकारशक्तीला नेमकं काय ओळखायचं ते शिकवणारी गोष्ट म्हणजे लस. तिच्याबद्दल मात्र आपल्या वस्त्यांत अजून कुजबूज चालते. 2022 च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुलं दगावली, त्यांत लस न मिळालेली बरीच होती. गोवर तर असा की आधी कमावलेली इतर रोगांची ओळखही पुसून टाकतो. गोवर आणि देवी यांतला फरक हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवणाऱ्या अर-राझींचं नाव आपण जलशांत अभिमानाने घेतो. मग लशीच्या रांगेत मागे का राहतो? सगळा दोष समाजाचा नाही. आरोग्य केंद्र लांब असतं, मजुरी बुडते, तिथली भाषा कधी कधी टोचते, हे मलाही दिसतं. पण अफवा तरी आपल्या हातात आहेत.

बाळ जन्मलं की त्याच्या कानात अजान देण्याची आपल्याला घाई असते. हिपॅटायटिस बीचा पहिला डोसही पहिल्या 24 तासांतच द्यायचा असतो. सरकारी रुग्णालयात तो मोफत आहे. खासगी नर्सिंग होममध्ये असाल तर तोंडाने मागा आणि कार्डावर तारीख लिहून घ्या. गरोदरपणात आईची हिपॅटायटिस बीची तपासणी झाली नसेल, तर तीही करून घ्या. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लशीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागतं, आणि त्याची सोय प्रसूतीच्या आधीच करून ठेवावी लागते.