हबकॅप भंगारात देण्याआधी

निगडी-प्राधिकरणातल्या बंगल्यांत, चिंचवडच्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अजूनही कव्हराखाली झाकलेली एखादी प्रीमियर पद्मिनी दिसते, जिन्याखाली एखादी चेतक. वडिलांनी किंवा आजोबांनी कंपनीत नोकरीला असताना घेतलेली. घरातली तरुण मुलं आता ती गाडी पुन्हा चालती करायला काढतात, याचा मला मनापासून आनंद होतो. त्यांना एक कळकळीची विनंती आहे. इंजिनावर आणि रंगावर पैसे खर्च करताना चाकांवरच्या टोप्या म्हणजे हबकॅप, बंपर आणि अंगावरच्या चमकत्या पट्ट्या ‘गंजल्यात, नव्या टाकू’ म्हणून भंगारवाल्याच्या हातावर ठेवू नका.

इंजिनाचा भाग लेथवर करून घेता येतो. कुजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो. साच्यात दाबून काढलेली हबकॅप मात्र साच्याशिवाय तशीच्या तशी होत नाही. पद्मिनीचा मूळ अवतार, फियाट ११०० डिलाइट, १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून आला. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी निकालात निघत होत्या तोवर त्यांच्यावरचं उतरवलेलं सामान हाती लागत असे. शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली आणि तो झरा आटला. आपल्याकडे चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. पूर्वी ‘कुदळवाडीत बघू’ म्हणून वेळ निभावून नेता यायची, आता त्या भरवशावर बसू नका. बाजारातल्या नव्या नकली टोप्या दिसायला झकपक असतात, पण त्यांचा पत्रा बरेचदा पातळ असतो आणि कडा नीट धरत नाहीत. खड्ड्यात चाक आपटलं की अशी टोपी उडून मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाऊ शकते.

कामाला हात घालण्याआधी वस्तू कोणत्या धातूची आहे ते ओळखा. नुकसान होतं ते बहुधा ही पायरी चुकल्यामुळे. लोहचुंबक घट्ट चिकटलं आणि तांबडा गंज दिसला, तर ते क्रोम चढवलेलं लोखंड. चुंबक चिकटत नाही, वस्तू हलकी आहे आणि वर पांढुरके डाग आहेत, तर ॲल्युमिनियम. चेतकच्या पुढच्या ढालीची कड आणि फूटबोर्डवरच्या रबरांखालच्या पट्ट्या साधारण याच जातीच्या. वजनदार आहे, गंज नाही, पण पृष्ठभागावर बारीक फोड आलेत, तर बहुतेक जस्ताचं ओतकाम. दरवाजाची मूठ आणि नावाची अक्षरं अनेकदा अशी असतात. स्टेनलेस स्टीलची पट्टी सगळ्यांत सोशिक. तिला ठोकून, घासून परत उजळता येतं.

क्रोमवर गंज दिसला की लोक घाबरतात. खरं तर क्रोमचा थर मायक्रॉनच्याही अंशाइतका पातळ असतो. लोखंडाचं रक्षण करतो तो त्याखालचा निकेलचा थर, पितळेच्या भांड्यातल्या कल्हईसारखा. बारीक छिद्रांतून पाणी आत शिरतं आणि गंज बाहेर येऊन पसरतो. त्यामुळे वरून भयंकर दिसणारी टोपी पुष्कळदा ऐंशी टक्के धड असते. आधी साबणाच्या कोमट पाण्याने चिखल आणि ग्रीस काढा. मग स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉईलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा न पडता गंज निघतो. धुवा, पूर्ण कोरडं करा, मेण लावा. संडास साफ करायचं ॲसिड मात्र कृपा करून वापरू नका. ते क्रोम उतरवतंच, शिवाय टोपी धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा ॲसिडमुळे ठिसूळ होऊन मोडतात. तांब्या-पितळेची चिंचही इथे नको. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, तोही लांब ठेवा.

पोचा काढायचा असेल तर टोपी उलटी करून वाळूच्या पिशवीवर ठेवा आणि कडेकडून मध्याकडे लहान हातोडीने हळूहळू ठोका. एका फटक्यात बाहेर काढायला गेलात तर पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा पुन्हा मूळ जागी बसत नाही. स्टेनलेसला त्यानंतर चारशे नंबरच्या वॉटर पेपरपासून दोन हजारपर्यंत क्रमाने घासून बफिंग करा. भोसरी-तळवड्याकडे भांडी आणि यंत्रांचे भाग बफिंग करणारे कारागीर आहेत. नीट सांगितलं तर ते हे काम मन लावून करतात. नीट सांगायचं म्हणजे काय? ‘कडा आणि कोरलेली अक्षरं घासू नका.’ बफिंगच्या चाकावर दाबून धरलं की अक्षर पुसून जातं, आणि गेलेलं अक्षर परत येत नाही.

पुन्हा क्रोम चढवणं हा शेवटचा उपाय समजा. थर सोलला असेल, लोखंड खड्ड्याखड्ड्यांचं झालं असेल, तरच तिकडे वळा. प्लेटिंगच्या पारंपरिक टाकीत षटसंयुजी क्रोमियम असतं. ते विषारी आहे आणि त्याने कर्करोग होतो. टाकीचं सांडपाणी प्रक्रिया न करता गटारात सोडलं की पवना-इंद्रायणीत पोचतं. आळंदीच्या घाटाजवळ नदीवर फेस आल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो, आणि त्याच पाण्यात वारकरी स्नान करतात. म्हणून काम देण्याआधी विचारा: प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे का, गाळ कुठे जातो? घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी सामायिक सोय रांजणगावला आहे. तिथली पावती दाखवता येते. दुकानदार चिडला तर दुसरं दुकान शोधा. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

मूळ सामान राखण्याला आता कायद्याचाही आधार आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नेता येत नाही, हेही आधीच समजून घ्या. चेतक १९७२ ची, म्हणजे आकुर्डीत बनलेल्या पहिल्या चेतक आता या वयात बसतात. पट्ट्या-टोप्यांचं नाव नियमात नसलं, तरी गाडी मूळ रूपात आहे असं म्हणताना त्या अंगावर असाव्यात.

परत बसवताना टोपीच्या मधोमध मारू नका. रबरी हातोडीने कडेवर समोरासमोर ठोकत जा आणि व्हॉल्व्ह खाचेत मोकळा आहे ना ते बघा. बॉडीवरची पट्टी लावण्याआधी क्लिपांच्या भोकांना आतून प्रायमर लावा. पद्मिनीच्या दारांचा गंज पुष्कळदा या भोकांपासूनच सुरू होतो. पहिल्या पाच-सहा किलोमीटरनंतर थांबून चारही टोप्या हाताने हलवून बघा. एखादी सैल लागली तर तिथेच काढून डिकीत ठेवा आणि क्लिपा सावरल्यावरच परत लावा.