किल्ल्या कुणाच्या कमरेला?

ड्रायव्हरच्या सेटिंग्जना वापरणाऱ्याने हात लावू नये, असे म्हणणारे लोक लिनक्सच्या जुन्या दिवसांचा दाखला हमखास देतात. १९९०च्या दशकात मॉनिटरच्या स्कॅनिंगचे आकडे एका फाइलीत हाताने लिहावे लागत आणि आकडा चुकला तर मॉनिटर बिघडू शके. दाखला खरा आहे. पण त्यावर उपाय काय निघाला, हे ही मंडळी सांगत नाहीत. त्या फाइलीला कुणी कुलूप घातले नाही. मॉनिटरच आपल्या मर्यादा संगणकाला सांगू लागला. ईडीआयडी ही त्याची मूळ नोंद अवघी १२८ बाइटची! न झेपणारे आकडे ड्रायव्हर मग आपणच गाळू लागला. विंडोजमध्ये आजही रिझोल्यूशन बदलले की 'हेच ठेवायचे का?' असे विचारले जाते, आणि १५ सेकंद उत्तर आले नाही की जुने परत येते. पडदा काळा पडला तरी नुसते बसून राहावे.

उलट, कुलूप घातले की माणूस नेटवरून सुडोची, म्हणजे सगळे अधिकार देणारी, ओळ उचलतो आणि न वाचता चिकटवतो. एक खुंटी पिळायची असते; त्यापायी तो अख्खे घर उघडे टाकतो.

दुसरा पक्ष म्हणतो, 'रूट म्हणजे मालक; त्याने काहीही करावे.' ऐकायला बाणेदार. २०१६च्या सुरुवातीला सगळ्या फाइली पुसण्याची आज्ञा एका लॅपटॉपवर दिली गेली आणि तो पुन्हा सुरूच होईना. फर्मवेअरची व्हेरिएबल्सही फाइलींच्या रूपात समोर मांडलेली होती, तीही पुसली गेली. दोष मुळात फर्मवेअरचा, पण भोगले मालकाने. यानंतर लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, माहितीतली निर्धोक व्हेरिएबल्स मोकळी ठेवली आणि बाकीच्यांवर 'बदलू नये' अशी खूण केली. रूटला ती खूण एका आज्ञेत काढता येते. मालकी शाबूत राहिली, धक्का लागून सांडणे तेवढे थांबले.

माझे म्हणणे एवढेच की तपासणी ड्रायव्हरातच हवी. सेटिंगच्या खिडकीत ती ठेवली तर स्क्रिप्ट तिला वळसा घालून जाते. लिनक्सवर पडद्याचा उजेड पाहा: कमाल आकड्यापुढचा आकडा लिहिला तर कर्नल तो घेतच नाही. शिवाय समोर बसलेल्याला आपल्या पडद्याचा उजेड बदलायला सिस्टमडी या व्यवस्थापक प्रणालीमार्फत परवानगी मिळते, रूटचा पासवर्ड लागत नाही.

फर्मवेअर नव्याने भरायचे असेल तेव्हा मात्र १५ सेकंदांची युक्ती कामाची नाही. मधेच वीज गेली तर मागे यायला वाट उरत नाही. ज्या बोर्डावर फर्मवेअरची दुसरी प्रत नाही, तिथे मी कुलूपवाल्यांच्या बाजूचा.