"हा डॉक्टर कोट्यातला नाही ना?"

सरकारी रुग्णालयात रात्री दोन वाजता तुमच्या खाटेजवळ धावत येतो तो बहुतेक वेळा निवासी डॉक्टर असतो. म्हणजे एमबीबीएस झालेला, आता एमडी किंवा एमएसची तीन वर्षं करणारा. त्याच्याकडे बघून काही नातेवाईक हळूच वरचा प्रश्न विचारतात. प्रश्न काळजीपोटी येतो हे मला समजतं, म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायला हवं.

ही निवड 'नीट-पीजी' या एकाच परीक्षेवर होते. 200 प्रश्न, 800 गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. मुलाखत नाही, आणि ती नाही हे मला बरंच वाटतं. मुलाखतीच्या टेबलावर उमेदवाराआधी त्याचं आडनाव पोचतं. पण या गुणांना किती मानायचं? उणे 200 ते 800, म्हणजे फार तर हजारेक वेगवेगळे आकडे, आणि परीक्षेला बसणारे दोन लाखांहून जास्त. दोन-तीन प्रश्न चुकले की मधल्या पट्ट्यातला क्रमांक हजारोंनी घसरतो. गुण सारखे पडले तर वयसुद्धा बघितलं जातं. वय जास्त म्हणून हात जास्त कुशल, असं तुम्ही म्हणाल का?

अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींना 15, जमातींना साडेसात, ओबीसींना 27 आणि आर्थिक दुर्बलांना 10 टक्के जागा आहेत. जानेवारी 2022 मध्ये नील ऑरेलियो न्यून्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, आणि आरक्षण गुणवत्तेच्या विरोधात जात नाही.

आता दुसरी बाजू बघा. 2023 मध्ये जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. म्हणजे परीक्षेला बसलेला कोणीही पात्र! खासगी महाविद्यालयांतल्या मॅनेजमेंट कोट्याच्या जागा लाखो रुपये फी भरू शकणाऱ्यांसाठीच असतात. त्या डॉक्टरला "पैशाच्या कोट्यातला का?" असं विचारलेलं मी आजवर ऐकलं नाही. कोटा प्रवेशापुरता असतो. शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच, तिथे कोणालाही सवलतीचे गुण नाहीत.

तुमच्या फायद्याचंही बोलू. मेळघाटातली कोरकू बोलणारी आजी किंवा गडचिरोलीचा माडिया तरुण पोटात कसं दुखतं ते कोणाला नीट सांगू शकेल? निम्मं निदान तर ऐकण्यातच होतं. वॉर्डात एक जरी डॉक्टर ती भाषा जाणणारा असला तरी बाकीचे त्याच्याकडून शिकतात. (आदिवासी डॉक्टरने आदिवासींनाच तपासावं, असा मात्र अर्थ काढू नका.) ग्रामीण भागात सेवा केलेल्या सरकारी डॉक्टरांसाठी राज्यांना पीजीच्या जागा ठेवता येतात, हे न्यायालयाने 2020 मध्ये मान्य केलं. ही तरतूद मला सगळ्यात जास्त पटते. त्यांना चाळणीच्या बाहेरचं काम येतं.

काळजी वाटत असेल तर जरूर विचारा: तुम्ही कितव्या वर्षाला आहात, तुमचे वरिष्ठ कोण, ऑपरेशनला ते हजर असणार का? या प्रश्नांना उत्तर देणं आमचं कामच आहे.