वसंतातील नदीचे छायाचित्र



इंदूरकडे जाण्याचा योग आल्यास महूच्या पुढे पाताळपाणी येथे अवश्य उतरावे. माळव्याचे पठार येथे एकाएकी संपते आणि विंध्याद्रीचा तुटलेला कडा लागतो. ओढ्याचे पाणी सुमारे ३०० फूट खोल दरीत कोसळते व चोरल नदीच्या वाटेने दक्षिणेस नर्मदेला मिळते. जवळच्याच जानापाव डोंगरावर उगम पावणारी चंबळ मात्र उत्तरेस यमुनेकडे जाते. एकाच डोंगररांगेवरचा पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो.

याच इंदुरात लाला दीनदयाळ हे बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे काढीत असत. सरधाना येथील बॅसिलिकेचे नाव आपण ऐकले असेल. त्याच गावी १८४४ साली त्यांचा जन्म झाला. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला व पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. त्या काळी काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यावा, ती रौप्यक्षाराच्या द्रावात बुडवावी आणि लेप ओला आहे तोवर चित्र घेऊन अंधाऱ्या तंबूत धुवावी, असा खटाटोप असे. शिवाय ती काच हिरव्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. झाडी काळी उमटे आणि आकाश कोरे राही.

आज खिशातला मोबाईलही सर्व रंग टिपतो. परंतु वसंतातील नदी टिपणे अद्याप सोपे नाही. भर दुपारी पाणी पांढरेफेक व सावली काळीकुट्ट दिसते. म्हणून सकाळची कोवळी वेळ किंवा हलके आभाळ असलेला दिवस निवडावा. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा पाव भाग उघडी ठेवली तर धार दुधासारखी दिसते. पाचशेवा भाग ठेवली तर थेंब न् थेंब वेगळा उमटतो. मात्र संथ झडपेस तिपाई हवी आणि वाराही पडलेला हवा, नाहीतर पाने पुसट येतात. मोबाईलवर उजेड थोडा कमी करून घ्यावा, म्हणजे पाण्याचा फेस निव्वळ पांढरा डाग होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. आपल्याकडे डोंगर हिरवा होतो तो पावसाळ्यात. चैत्रात पाताळपाण्याची धार क्षीण होते, भर उन्हाळ्यात ती जवळजवळ आटते. उतार पिवळे पडतात, पळस पेटतो, कुसुंबाला तांबडी पालवी फुटते. आणि गर्द हिरवळ उरते ती केवळ काठाकाठाने, जिथे मुळांना ओल सापडते तिथे. ती हिरवी रेघ म्हणजे नदीने स्वतःच्या हाताने लिहिलेला जमाखर्च होय. मोबाईलमध्ये रंग गडद करून सारा डोंगरच हिरवा करणे आता क्षणाचे काम आहे. पण तसे केल्यास तो हिशेब पुसला जातो.

पावसाळ्यात चित्रासाठी धारेत उतरण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. जुलै २०११ मध्ये येथेच अचानक लोंढा आला आणि सहलीस आलेल्या एका कुटुंबातील माणसे वाहून जाऊन प्राणास मुकली. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही.

इंदूर दूर आहे खरे. परंतु आपल्या गावचा ओढा जवळ आहे. दरवर्षी एकाच तारखेस, एकाच दगडावर उभे राहून त्याचे एक चित्र घ्यावे, छापून घ्यावे आणि पाठीमागे तारीख लिहून घरच्या पेटीत ठेवावे. दहा वर्षांनी पाणी कोठवर होते, काठची कोणती झाडे गेली, यावर वाद घालावा लागणार नाही. विहिरी का आटल्या असे नातवंडे विचारतील, तेव्हा हाती दाखवायला काहीतरी खरे असेल.