विश्लेषण : ई-२० पेट्रोलमुळे जुन्या मारुतीचा कार्बोरेटर बदलावा लागेल का?

दर्यापूर असो वा अकोला, पंपावरचे साधे पेट्रोल आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे एमपीएफआय येण्यापूर्वीची मारुती ८०० रोज चालवणाऱ्यांना कार्बोरेटरकडेच बघावे लागेल.

नेमके बिघडते काय?

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट. नव्या गाडीत सेन्सरमुळे इंधन आपोआप वाढते. कार्बोरेटरच्या जेटचे भोक मात्र ठरलेले. मिश्रणात इंधन कमी पडते, गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, पिकअप घेताना अडखळते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात आधीच तापलेले इंजिन आणखी तापते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढते, जुने रबर फुगवते.

मग नवा घ्यावा का?

जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले. ते स्वस्त आहेत, हे खरे. पण जेटचा प्रश्न त्याने सुटत नाही. कार्बोरेटर खोलून धुणे, इथेनॉल सोसणारे किट टाकणे, गरज पडल्यास जेट किंचित मोठा बसवणे आणि मग पीयूसी करणे, एवढ्यात बहुतेकांचे भागावे. थ्रॉटलचा दांडा झिजून तिथून हवा ओढली जात असेल, तरच नवा घ्यावा. स्वस्त नकली कार्बोरेटरपेक्षा दुरुस्त केलेला जुना अस्सल बरा. मात्र खर्चाआधी आरसीची मुदत पाहा : २० वर्षांवरील कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार रुपये झाले आहे.