आभाळातला फटाका आणि नगरचा पाऊस

आभाळात जवळजवळ रोज एक फटाका असा फुटतो की, त्यापुढे आपली सारी दिवाळी फिकी पडावी. आवाज नाही, डोळ्यांना उजेड नाही. गॅमा किरणांचा एक लोट येतो, बहुधा काही क्षण किंवा काही मिनिटे टिकतो आणि संपतो. १९६७ साली चोरट्या अणुस्फोटांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांना तो प्रथम दिसला. जगाला कळले १९७३ साली. पण हा फटाका उडतो कोठे? आपल्या आकाशगंगेच्या अंगणात, की विश्वाच्या पार वेशीबाहेर?

१९८८ साली जपानच्या गिंगा उपग्रहाने एका स्फोटाच्या वर्णपटात दोन गडद रेषा दाखविल्या, एक सुमारे २० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणि दुसरी बरोबर दुपटीवर. प्रचंड चुंबकत्वाच्या न्यूट्रॉन ताऱ्याची जणू सहीच ती! आणि तारा म्हणजे घरचाच, आपल्या आकाशगंगेतला. दोन रेषांवर केवढी इमारत उभी राहिली पहा.

वाचकहो, आता थोडे नगर जिल्ह्यात येऊ. पर्जन्यछायेतला मुलूख, पावसाची वाट पाहणे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. समजा, श्रीरामपूरच्या कोणा आजोबांनी तीस वर्षे पावसाची वही राखली आहे. ते सांगतात, "१७ सप्टेंबरला पाऊस येतोच! तीसपैकी अठरा वर्षे आला." हिशेबासाठी धरून चालू की, कोणत्याही दिवशी पाऊस येण्याचा संभव तीनात एक. म्हणजे दहा वर्षे यायला हवा होता. अठरा वेळा निव्वळ योगायोगाने येण्याचा संभव चारशेत सुमारे एक. आजोबा जिंकले?

थांबा. आजोबांना एकच विचारायचे : ही तारीख वही उघडण्यापूर्वी ठरविली होती, की उघडल्यावर? जून ते सप्टेंबर १२२ दिवस होतात. सगळे चाळून एक निवडला असेल, तर त्यांतल्या कोठल्या तरी दिवशी असा चमत्कार दिसण्याचा संभव चारात एक होतो. पंचांगातल्या पावसाच्या वाहनांचे पुष्कळसे यश असेच असते, असे आमचे आपले मत.

वर्णपटाचेही तसेच. यंत्र गॅमा कण मोजून शेकडो घरांत टाकते. जेथे शंभर कण अपेक्षित, तेथे नव्वद किंवा एकशेदहा आले तर नवल नाही. शेकडो घरे, स्फोटाचे अनेक तुकडे आणि असे शेकडो स्फोट चाळले, की एखादा खड्डा किंवा उंचवटा सापडणारच. शिवाय 'रेषा आहे' आणि 'रेषा नाही' यांची तुलना करणारी रूढ कोष्टके येथे लागूच पडत नाहीत, हे प्रोटासोव्ह, व्हॅन डाइक प्रभृतींनी २००२ साली दाखवून दिले. मग उपाय? संगणकावर रेषा नसलेले हजारो खोटे स्फोट रचायचे, तीच चाळण त्यांना लावायची आणि तेवढी ठसठशीत 'रेषा' कितीदा फसवून जाते ते मोजायचे. काम कंटाळवाणे, पण चोख.

१९९१ ते २००० या काळात बॅट्सी या यंत्राने २,७०४ स्फोट टिपले. ते आकाशात चोहीकडे सारखे विखुरलेले होते, आणि खात्री पटावी अशी रेषा त्या मंडळींना गवसली नाही. १९९७ साली एका स्फोटाच्या मागे उरलेल्या उजेडावरून अंतर निघाले : अब्जावधी प्रकाशवर्षे! घरचा न्यूट्रॉन तारा तेथेच निकालात निघाला.

९ ऑक्टोबर २०२२ रोजी मात्र असा स्फोट झाला की यंत्रे दिपली. पारनेर तालुक्याला लागूनच असलेल्या जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही त्याच्या मागे रेंगाळणाऱ्या लहरी टिपल्या. २०२४ साली मारिया राव्हासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच स्फोटाच्या वर्णपटात एक उजळ रेषा जाहीर केली. ऐंशी सेकंदांत ती सुमारे १२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टवरून सहावर उतरली. प्रमाणित विचलनाच्या सहापटींहून ती ठळक आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना भस्म करताना ती उमटली असावी, असा त्यांचा अर्थ.

ताडून पाहायला तसाच दुसरा स्फोट हवा. तेवढा तेजस्वी स्फोट दहा हजार वर्षांतून एकदा दिसावा, असा अंदाज आहे.